येरवड्याला कोण भेटायला येते?

पुणेकरांच्या बोलण्यात ‘येरवडा’ हे नुसते गावाचे नाव राहिलेले नाही. कोणी विचित्र वागू लागला की “याला येरवड्याला धाडा” असे सहज म्हटले जाते, आणि ऐकणारा एखादा खवचट असला तर विचारतो, “कुठल्या येरवड्याला? तुरुंगात, का वेड्यांच्या इस्पितळात?” १८६९ साली बंडाजवळ फिट्झजेराल्ड पूल झाला. १८७१ साली नदीपलीकडे मध्यवर्ती तुरुंग उभा राहिला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच बाजूला वेड्यांचे इस्पितळ आले. शहराला जे डोळ्यांआड हवे होते, ते शहराने पूल ओलांडून नेऊन ठेवले.

तुरुंगाचा इतिहास तुम्ही शाळेत वाचलेला आहे. १९३२ सालचे गांधीजींचे उपोषण, बाबासाहेब आंबेडकरांशी झालेल्या वाटाघाटी, पुणे करार, हे सारे त्या भिंतींमागे घडले. इस्पितळाला मात्र अभ्यासक्रमात जागा नाही. वास्तविक महाराष्ट्रातले हे फार मोठे मनोरुग्णालय. कित्येक वर्षे येथे २५४० खाटा मंजूर होत्या. एवढ्या मोठ्या संस्थेचा इतिहास म्हटला की अधीक्षकांची नावे, इमारती, अंदाजपत्रके असे काहीतरी डोळ्यांपुढे येते. मला वाटते, त्या आधी एक साधी गोष्ट पाहावी: रोग्याला भेटायला कोण येते?

ज्यांनी अशा संस्थांतून कामे केली आहेत, ते डॉक्टर आणि समाजसेवक एक गोष्ट पुनःपुन्हा सांगतात. पुरुष रोगी असला तर त्याची आई येते, बायको येते, डबा घेऊन बहीण येते. स्त्री रोगी असली तर माहेरचे येतात, तेही आईबाप हयात असेतो. नवरा पहिल्या एकदोन खेपांना दिसतो, पुढे दिसत नाही. अपवाद आहेत आणि त्या अपवादांना नमस्कार करावा. पण हा नियम कोणत्या औषधाने किंवा कोणत्या रोगाने केलेला नाही. तो घराने केला आहे. तो कसा झाला, हे पाहायचे तर नदीच्या अलीकडे यावे लागते, आणि पुष्कळ मागेही जावे लागते.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात ७८, ७९ आणि ८० असे तीन श्लोक एकापाठोपाठ एक आहेत. ते सुटे वाचू नयेत, सलग वाचावेत. पहिल्याचा आशय असा, की नवरा व्यसनी, मद्यपी किंवा आजारी असला म्हणून जी त्याची हेळसांड करील तिचे दागिने आणि वस्तू काढून घेऊन तिला तीन महिने टाकावे. तिसऱ्यात सांगितले आहे, की बायको मद्यपी, उलट वागणारी किंवा आजारी असली तर नवऱ्याने तिच्यावर दुसरी करावी. दारू तीच, आजारही तोच. एका बाजूला सेवा न केल्याची शिक्षा, दुसऱ्या बाजूला सवत. मधला श्लोक मात्र जरा सैल आहे. नवरा वेडा झालेला असेल आणि बायकोला त्याचा तिटकारा वाटत असेल, तर तिला टाकू नये आणि तिचे धन हिरावून घेऊ नये, असे तो म्हणतो. म्हणजे वेड्याच्या बायकोला मनूनेही थोडी सूट ठेवली होती. आपल्या घरांनी तेवढीही ठेवली नाही, हे मनूच्या भक्तांनी आणि निंदकांनी दोघांनीही लक्षात घ्यायला हरकत नाही.

अर्थात सारा महाराष्ट्र काही स्मृती उशाशी घेऊन झोपत नव्हता. कित्येक जातींत काडीमोड होती, पाट लावण्याची रीत होती. नवऱ्याशी संसार होणे अशक्य झाले तर जातपंचायतीसमोर बाई मोकळी होऊ शकत असे. पण वरच्या म्हणवणाऱ्यांचे अनुकरण करण्याची हौस फार वाईट. घराण्याची प्रतिष्ठा वाढवायची तर पहिल्याने पाट बंद करायचा, असे एकोणिसाव्या शतकात अनेक घरांनी केले. प्रतिष्ठा घराची वाढली आणि दार बाईचे बंद झाले.

ग्रंथांपेक्षा गोष्टी अधिक खोल जातात. ज्येष्ठातल्या पौर्णिमेला वडाला सूत गुंडाळले जाते ते सावित्रीच्या नावाने. यमाच्या मागोमाग जाऊन तिने नवऱ्याचे प्राण परत आणले. महाभारताच्या वनपर्वातली ही कथा आहेच सुंदर; तिच्या बुद्धीपुढे यमाचेही चालले नाही. परंतु त्याच महाभारताच्या आदिपर्वात रुरू आणि प्रमद्वरा यांची कथा आहे, ती तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? लग्न ठरलेली प्रमद्वरा सर्पदंशाने मेली. रुरूने स्वतःचे अर्धे आयुष्य देऊन तिला उठवले. अर्धे आयुष्य! सावित्रीला एवढे द्यावे लागले नव्हते. पण सावित्रीचे व्रत झाले आणि रुरूचे झाले नाही. त्याच्या नावाने पुरुष उपास करीत नाहीत, कोणत्या झाडाला प्रदक्षिणा घालीत नाहीत. समाज कोणत्या गोष्टी लक्षात ठेवतो यापेक्षा कोणत्या विसरतो, हे पाहिले की त्याचे मन कळते.

सावित्रीच्या कथेला आणखी एक उलटी बाजू आहे, आणि ती घरोघर वापरली जाते. पुण्याई असेल तर बायको नवऱ्याला मृत्यूच्या दारातून आणते. मग ज्याअर्थी नवरा सुधारत नाही, त्याअर्थी हिचीच पुण्याई कमी पडली! नवरा मेला तर ही पांढऱ्या पायाची. नवरा पिऊ लागला तर हिला त्याला धरून ठेवता आले नाही. मुलगा बिघडला तर हिने लाडावला. आजार एकाला होतो आणि जाब दुसरीला द्यावा लागतो.

या हिशेबाला पहिले मोठे आव्हान पुण्यातच छापले गेले. १८८१ साली सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर आपले मूल मारल्याबद्दल खटला झाला. आधी फाशी, मग जन्मठेप, आणि शेवटी पाच वर्षे अशी तिची शिक्षा उतरत गेली. पण वर्तमानपत्रांतून एकंदर स्त्रीजातीवर जो चिखल उडाला तो उतरला नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी तो वाचला आणि ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक लिहिले. १८८२ साली ते पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात निघाले. ताराबाईंचा मुद्दा सरळ होता: जे दुर्गुण तुम्ही बायकांवर लादता ते एकेक घ्या आणि पुरुषांत आहेत का नाहीत ते पाहा. पातिव्रत्याचा धर्म बायकोला लावायचा, तर नवऱ्याला तोच का लावत नाही? पुस्तकावर इतका गहजब झाला, की ताराबाईंनी पुढे दुसरे पुस्तक लिहिल्याचे दिसत नाही. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. बाकी शांतता. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुस्तक पुन्हा उजेडात आणले. मधली नव्वद वर्षे ते कोणाला नडले नव्हते!

मला त्या पुस्तकात तर्कापेक्षा त्यातला राग महत्त्वाचा वाटतो. कारण राग हीच गोष्ट बाईला मनाई होती. आपल्या भाषेत ‘सोशिक’ हे बाईचे भूषण आहे. ‘सोशिक सून’ म्हटले की तारीफ होते. ‘सोशिक नवरा’ म्हणून पाहा, लोक हसतील. आणि “नवऱ्याने मारले नि पावसाने झोडपले, तर तक्रार कुणाकडे?” ही म्हण तर मराठी माणसाला शिकवावी लागत नाही. नवऱ्याचा मार हा पावसासारखा. त्याला कारण नाही, त्याला जबाबदार कोणी नाही.

तक्रारीला जागा नसली म्हणजे तक्रार नाहीशी होत नाही. ती दुसरी वाट काढते. घरात जिचा शब्द चालत नाही तिच्या अंगात देवी आली, की सासरा हात जोडून उभा राहतो. ज्या बाईला “मला इथे नकोसे झाले आहे” असे म्हणता येत नाही, तिला “माझे डोके ठणकते, पाठ धरली आहे, अंगात त्राण नाही” असे म्हणता येते. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा गोष्टींचा रीतसर शोध घेतला. अंगावरून पांढरे जाते म्हणून येणाऱ्या स्त्रियांत, जंतूंपेक्षा मनाचा ताण आणि घरातली दुःखेच त्या तक्रारीशी अधिक निगडित आहेत, असे त्यांना आढळले. २००२ साली त्यांचा बाळंतिणींविषयीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गोव्यातल्या एका जिल्हा इस्पितळात २५२ बाळंतिणींना सहाव्या आठवड्याच्या सुमारास तपासले, तेव्हा त्यांतल्या ५९ जणी, म्हणजे शेकडा २३, उदासीनतेच्या आजाराने ग्रासलेल्या निघाल्या. कारणे कोणती? गरिबी, नवऱ्याशी वाईट संबंध, मारहाण; आणि घरात आधीच मुलगी असताना पुन्हा मुलगी होणे. लक्षात घ्या, मुलगी झाल्याने शरीरात काही निराळे घडत नाही. निराळे घडते ते घरात. दाईने बाहेर येऊन सांगितले, की क्षणभर जी गप्पगप्प पसरते, तिचा परिणाम सहा आठवड्यांनी डॉक्टरच्या कागदावर उमटतो.

आता मी जो भेटीचा नियम वर सांगितला, त्याचा फार चांगला पुरावा इस्पितळातून न मिळता देवळातून मिळतो, आणि तो एका परदेशी बाईंनी टिपला आहे. वीडा स्कल्टन्स या मानववंशशास्त्रज्ञ महाराष्ट्रातल्या एका महानुभाव मंदिरात बरेच दिवस राहिल्या. मनाच्या आजारावर उपाय व्हावा म्हणून तेथे कुटुंबेच्या कुटुंबे येऊन मुक्काम करीत. त्यांचा लेख १८८७ नव्हे, १९८७ चा आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण वाचताना शंभर वर्षांपूर्वीचे वाटते. रोगी बहुधा मुलगा किंवा नवरा, आणि सोबत आई किंवा बायको. थोड्या दिवसांनी झुलू लागे ती सोबत आलेली बाई. तिच्या अंगात येई, ती घुमू लागे. आणि तिचे मागणे काय असे? याचे दुखणे मला दे, याला मोकळा कर. नवऱ्याचे वेड मागून घेणारी बायको आणि मुलाचे वेड मागून घेणारी आई तेथे भेटत होत्या. बायकोचे दुखणे आपल्या अंगावर मागून घेणारा नवरा हा त्या चित्रात नव्हता. रुरूची कथा तेथवर पोचली नव्हती, असे म्हणू या.

तुम्ही म्हणाल, या झाल्या श्रद्धा. कायद्याने तरी काय केले? कायद्याने बऱ्याच दिवसांपर्यंत घराचेच ऐकले. १९१२ च्या वेडविषयक कायद्यात, कोणाला इस्पितळात ठेवण्याचा हुकूम हवा असेल तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा, आणि तो शक्यतो नवऱ्याने किंवा बायकोने करायचा, अशी तरतूद होती. सोबत दोन डॉक्टरांचे दाखले. कागदावर दोघांना समान हक्क. पण ज्या काळात बहुसंख्य बायकांना अक्षरओळख नव्हती आणि कचेरीची पायरी माहीत नव्हती, त्या काळात असा अर्ज घेऊन कोण जाऊ शकत होते हे सांगायला नको. बायकोला ठेवून आलेल्या नवऱ्याला पुढे काही अडचणही नव्हती. हिंदू पुरुषाला दुसरे लग्न करण्याची मोकळीक होती. पहिलीला सोडण्याचीसुद्धा गरज नव्हती. वेड्याच्या बायकोला मात्र, जेथे काडीमोड नव्हती तेथे, आयुष्यभर कुंकू लावून वाट पाहायची.

मुंबई प्रांताने १९४६ साली हिंदूंच्या द्विभार्या लग्नांवर बंदी घातली आणि १९४७ साली घटस्फोटाचा कायदा केला. १९५५ साली हिंदू विवाह कायदा जवळजवळ सर्व देशाला लागू झाला. हे कायदे झाले ते चांगलेच झाले, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्यांतून एक नवीन गोष्ट निघाली. आता दुसरी करायची तर पहिलीपासून सुटका कोर्टातून मिळवायला हवी, आणि सुटकेच्या कारणांत वेडही होते. १९५५ च्या कायद्यात अट कडक होती: वेड असाध्य हवे आणि अर्जाआधी सलग तीन वर्षे असायला हवे. १९७६ साली ती सैल करण्यात आली. आजार अधूनमधून येणारा असला तरी चालेल, मात्र तो इतका असावा की जोडीदाराने एकत्र राहावे ही अपेक्षा वाजवी ठरू नये. हेतू बरा होता. खरोखरच असह्य झालेल्या संसारातून दोघांनाही वाट हवी. परंतु भांडणात “बाई वेडी आहे” हे वाक्य आता केवळ शिवी राहिले नाही, तो कोर्टात घालायचा मुद्दा झाला. ती रडते, ती ओरडते, ती रात्री झोपत नाही, ती स्वयंपाक विसरते. हे का होते, असे विचारणारे कोणी नसले की प्रत्येक गोष्ट लक्षण ठरते. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात बजावले, की नुसते आजाराचे नाव लावून भागत नाही. आजार किती तीव्र आहे हे सिद्ध व्हावे लागते. ते बजावावे लागले, यातच काय ते आले.

इकडे येरवड्यात १९८६ साली एक निराळी गोष्ट सुरू झाली. मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट आणि त्यांचे पती, लेखक अनिल अवचट, यांनी इस्पितळाच्याच आवारात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र काढले. गर्दच्या व्यसनावर अनिल अवचटांनी लिहिलेले वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी मदत दिली होती. २९ ऑगस्ट १९८६ ला केंद्र उघडले. पुढे आळंदी रस्त्यावर मोहनवाडीत त्याला स्वतःची इमारत मिळाली. व्यसनी पुरुष बरे व्हावेत म्हणून निघालेल्या या केंद्राला लवकरच बायकांचा विचार करावा लागला. कारण पुरुषांच्या मागे त्या होत्याच! ज्याने घरातली भांडी विकली, ज्याच्या हातचा मार खाल्ला, त्याला रिक्षात घालून आणणारी बहुधा त्याची बायको किंवा आई. रोग्याला झोप येत होती. हिला वर्षानुवर्षे आलेली नव्हती. दार वाजले की छातीत धडधडते, हे तिचे लक्षण कोणत्या केसपेपरवर लिहिले जात नव्हते. तेव्हा या बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा गट झाला. तेथे त्या एकमेकींशी बोलतात. त्यांना सांगितले जाते ते अगदी साधे असते: त्याने प्यायली ती तुमच्यामुळे नाही. वाचणाऱ्याला हे वाक्य किरकोळ वाटेल. ज्या बाईने सासूकडून, दिरांकडून, शेजारणींकडून वीस वर्षे याच्या उलट ऐकले, तिला ते किरकोळ नसते.

दारू पिणाऱ्या किंवा गोळ्यांच्या आहारी गेलेल्या बायका नव्हत्या असे नाही. त्यांना आणत कोण होते, हा प्रश्न. पुरुषाची दारू ही घराची अडचण असते, बाईची दारू ही घराची अब्रू असते. अडचण चारचौघांत सांगता येते, अब्रू झाकावी लागते. स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग २००९ साली सुरू झाला. म्हणजे पुरुषांसाठी केंद्र उघडल्यावर तेवीस वर्षांनी.

स्त्रियांच्या मनाच्या आजाराबद्दल पुण्यातूनच एक गंभीर विचार मांडला गेला, त्याचाही उल्लेख करतो. डॉ. भार्गवी दावर यांनी १९९९ साली भारतीय स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि ‘बापू ट्रस्ट’ ही संस्था स्थापन केली. आईच्या निमित्ताने लहानपणापासून त्यांनी हे जग जवळून पाहिले होते. २०२४ साली त्या वारल्या. त्यांनी दाखवले, की ज्याला आपण सर्रास ‘वेड’ म्हणतो अशा तीव्र आजारांत स्त्रीपुरुषांचे प्रमाण फारसे वेगळे नाही. फरक पडतो तो उदासी, भीती, अंगदुखी अशा रोजच्या आजारांत. आणि आपली व्यवस्था बांधली गेली ती भिंतींच्या आतल्या आजारांसाठी. भिंतींबाहेर, स्वयंपाकघरात चाललेले दुखणे कोणाच्याच खात्यात येत नाही. ते खात्यात येते फार उशिरा. २०१८ साली ‘लॅन्सेट’च्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे, २०१६ साली जगात आत्महत्येने मेलेल्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे ३७ भारतातल्या होत्या. त्यांत विवाहित स्त्रियांचा वाटा सर्वांत मोठा. लग्न हे बाईचे संरक्षण, असे आपण समजत आलो आहोत.

बऱ्या झालेल्या बायकांचे काय, हा प्रश्न उरतोच. औषधाने आजार आटोक्यात आला, डॉक्टरांनी घरी न्यायला हरकत नाही असे लिहिले, घरी पत्र गेले. पत्ता सापडत नाही, किंवा सापडतो आणि त्या घरात दुसरी नांदत असते. माहेरी भावाचे राज्य. मग बाई वॉर्डातच राहते, पोळ्या लाटते, नव्या आलेल्यांच्या वेण्या घालते. राष्ट्रीय महिला आयोग आणि बेंगळुरूची निमहान्स यांनी २०१६ साली मनोरुग्णालयांतल्या स्त्रियांची जी पाहणी केली, तिच्यात हे सोडून दिले जाणे ठळकपणे पुढे आले. २०१७ साली हा विषय सर्वोच्च न्यायालयातही गेला होता आणि बऱ्या झालेल्यांसाठी बाहेर निवाऱ्याची सोय करा, असे राज्यांना सांगण्यात आले.

त्याच वर्षी नवा मानसिक आरोग्य कायदा झाला. २९ मे २०१८ पासून तो लागू आहे. त्यातल्या तीन गोष्टी तरी प्रत्येक घरात माहीत असाव्यात. घरचे नेत नाहीत, किंवा घरच नाही, एवढ्या कारणावरून कोणालाही इस्पितळात ठेवून देता येत नाही, असे कलम १९ म्हणते. इस्पितळात असलेल्या आईपासून तीन वर्षांच्या आतले मूल सहसा तोडू नये, असे कलम २१ मध्ये आहे. आणि कलम १४ प्रमाणे, आपण आजारी पडलो तर आपल्या वतीने कोणी बोलावे, हे प्रत्येक सज्ञान माणसाला आधीच ठरवून ठेवता येते. १९१२ च्या कायद्याने आधी नवऱ्याकडे किंवा बायकोकडे पाहिले होते. या कायद्याप्रमाणे मैत्रीण चालते, शेजारीण चालते, शाळेतली बाई चालते. नातेच असले पाहिजे अशी अट नाही. त्यासाठी स्टॅम्पपेपर लागत नाही, वकील लागत नाही. साध्या कागदावर नाव लिहायचे आणि खाली सही करायची, नाहीतर अंगठा उठवायचा.